त्या पानावर सिस्टर नव्हत्या

राजुरीच्या संपत औटींची वृषाली डॉक्टर झाली, सरकारी बाँडचं वर्ष तिनं डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात काढलं आणि अमेरिकेच्या परीक्षाही पास केल्या. आता राहिल्या होत्या मुलाखती. तिकडच्या हॉस्पिटलात पुढचं शिक्षण घ्यायचं तर त्या द्याव्याच लागतात, लॅपटॉपसमोर बसून, इंग्रजीत. अर्जासोबत स्वतःबद्दल पानभर निबंध जोडायचा असतो, आणि प्रश्न बहुतेक त्याच्यावरच येतात.

तिची तयारी करून घेत होता ऋषी, कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेला, आता तिकडेच शिकत असलेला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो मुलाखत घेणारा व्हायचा.

"तुझा निबंध एक नंबर आहे," तो म्हणाला. "घाटघरची बाई, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, आणि तू चाळीस मिनिटं हातानं गर्भाशय दाबून धरून तिला जुन्नरला पोचवतेस. तेच विचारतील. पण तू सांगतेस ते पुस्तकातलं वाटतं. हाताला काय वाटत होतं, ते सांग ना."

वृषालीनं पाणी प्यायचं निमित्त केलं. हाताला काय वाटत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तो हात तिचा नव्हता.

तो होता त्या आरोग्य केंद्रातल्या इशरत सिस्टरांचा. त्या दिवशी खाट रक्तानं भिजली तशी वृषाली भिंतीला टेकून उभी राहिली होती. पुस्तकातलं सगळं तिला पाठ होतं, पण पाय हलले नाहीत. इंजेक्शन सिस्टरांनी दिलं, हातमोजा चढवून मूठ आत सिस्टरांनी घातली, दुसऱ्या हातानं पोट दाबलं आणि तशाच ओणव्या त्या गाडीत चढल्या. वृषाली पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. जुन्नरच्या डॉक्टरांना फोनसुद्धा ड्रायव्हरनंच लावला. बाई वाचली. निबंध लिहिताना वृषालीनं एवढंच केलं, सिस्टरांच्या जागी 'मी' लिहिलं.

सिस्टर आता निवृत्त होऊन जुन्नरला राहत होत्या. वृषाली त्यांच्याकडे गेली. मुलाखतीची तयारी चाललीय, ती केस नीट आठवायचीय, म्हणाली.

सिस्टर हरखल्या. "अवो मॅडम, ते कसं इसरंल? आधी ओल्या कणकेवानी ढिलं लागत व्हतं. मग हळूहळू मुठीवर घट्ट यायला लागलं. वळण आलं की वाटायचं, आता हात सुटतोय. महिनाभर मनगट कामातून गेलं, भाकर थापता येईना. पण तुमी फोन करून तिकडं सगळं तयार ठेवलं म्हणून ती वाचली बघा."

फोन आपण केला नव्हता, हे सांगायला वृषालीचं तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर तिनं ओली कणीक, वळण, मनगट, सगळं वहीत उतरवून घेतलं.

पहिली मुलाखत संध्याकाळी साडेसातला झाली. पडद्यावर एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. वृषाली सांगत गेली. महिनाभर मला भाकरी थापता आली नाही, हेसुद्धा म्हणाली. घरात भाकरी आई थापायची. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हे ऐकून ऋषी म्हणाला, "जिंकलीस."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, कशी झाली? माझं नाव घेतलं का?"

"हो, घेतलं की," वृषाली म्हणाली.

फोन ठेवला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ती आईशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जुन्नर गाठलं आणि दारात चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. निबंध, फोन, मनगट.

सिस्टर लसूण सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"मग त्या गोष्टीत मी कुठं व्हते?"

"नव्हता, सिस्टर."

"कुटंच न्हाई?"

"नाही."

"परवा साऱ्या गल्लीला सांगून आले मी, अमेरिकेत माझं नाव निघालं म्हणून." एवढं बोलून त्या परत लसूण सोलायला लागल्या. वृषाली उभीच होती. सिस्टर बस म्हणाल्या नाहीत, आणि आपणहून बसायची तिची हिंमत नव्हती.

लसूण सोलून झाल्यावर सिस्टर उठल्या. एक टॉवेल घडी घालून पाटावर ठेवला. "इकडं ये. मूठ वळ."

"सिस्टर, मला माफ..."

"ते नंतर बघू. पुढच्या खेपंला शेजारी सिस्टर नसली तर? अंगठा आत घे. असा न्हाई, असा. आता दाब." सिस्टरांचा हात तिच्या मुठीवर होता. त्यांनी तिला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' केलं होतं, पण त्यात माया अजिबात नव्हती.

त्याच संध्याकाळी वृषालीनं त्या हॉस्पिटलला मेल लिहिला. निबंधातलं काम माझं नव्हे, इशरत सिस्टरांचं, मी गाडीत पुढं बसले होते. उत्तर दोन ओळींचं आलं, कळवल्याबद्दल आभार. पुढच्या दोन मुलाखतींत तिनं विचारायच्या आधीच खरं सांगितलं. एका डॉक्टरनं विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली, "काहीच नाही." मुलाखत लवकर संपली.

मार्चमध्ये निकाल लागला. तिला कुठंच जागा मिळाली नाही. ऋषी चिडला, "कोण बघायला येणार होतं तुला?" वडलांना तिनं खरं कारण सांगितलं. संपतराव म्हणाले, "लोकान्ला काय सांगू?"

"आहे ते सांगा."

त्यांना ते जमलं नाही. गावभर व्हिसा अडकल्याचं झालं. एका लग्नात लांबचे एक काका तिच्याजवळ आले, "पोरी, त्या व्हिसाचं लई वाईट झालं बघ."

"व्हिसाचं काही नव्हतं, काका," वृषाली म्हणाली.

"मग?"

वडील दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. तरी वृषाली काकांच्या शेजारी बसली आणि त्यांना घाटघरच्या बाईपासून सांगायला लागली.