खाडीतलं झबलं

विक्रोळीला हायवेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमची बैठी चाळ होती. तिथं कुणीही काहीही विणावं, फक्त जानकीनं सुईला हात लावायचा नाही, असा तिच्या सासूचा हुकूम होता. सासू म्हणजे रत्नप्रभाकाकी. मालवणकडची, अंगानं काडी, पण ती नळावर आली की बायकांची भांडणं आपोआप मिटायची. मी शेवंती, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. मला लोक फटकळ म्हणतात. म्हणू देत, माझं काय जातंय!

हुकूम का होता ते सांगते. जानकीला दिवस गेले तेव्हा तिनं हौसेनं पिवळ्या लोकरीचं झबलं विणलं. आमच्यात मूल जन्माला यायच्या आधी त्याचे कपडे करत नाहीत. जन्मल्यावरही पहिलं घालायचं ते कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचं. पण पोरगी शहरात वाढलेली, हौस आवरली नाही. मुलगा झाला, पाचवी पुजली, आणि बारशाच्या आधीच गेला. मी तेव्हा गावी होते. परत आले तर पाळणा माळ्यावर चढलेला, आणि काकी येईल त्याला एकच सांगतेय, "हिनं आधीच झबला विणल्यान. वर गळ्याशी सुरगाठ मारल्यान. पोर सुटून गेला."

आता सुरगाठीनं कधी कुणी मेलंय का? पण हे ऐकून ऐकून जानकी खरंच तसं मानायला लागली. वेणीला रिबीन बांधायची तरी निरगाठ मारायची, मग रात्री सोडवताना केस तुटायचे. तिचा नवरा धाकू गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून एका कंपनीत वॉचमन होता. तो पाळी करून यायचा, जेवायचा, झोपायचा. दोघींच्या मध्ये पडायची त्याची छाती नव्हती.

त्या थंडीत खाडीची वाट लागली. कुठल्याशा कारखान्याची टाकी फुटली आणि काळं तेल नाल्यातून खाडीत आलं. तिवरांची मुळं डांबरात बुडवल्यासारखी झाली, वासानं भात खाववेना. मग पाखरं किनाऱ्याला लागायला लागली. पंख चिकटलेली, थरथरणारी. चोचीनं तेल काढायला जायची आणि तेच पोटात जाऊन मरायची.

शेजारच्या कॉलनीत मृणालिनीबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांनी मंडळाची खोली उघडून घेतली, बल्ब लावून करंड्या मांडल्या, आणि आम्हा बायकांना बोलावलं. म्हणाल्या, "या पाखरांना लगेच धुतलं तर थंडीनंच मरतील. अंगात जीव येईपर्यंत ऊब पाहिजे, आणि चोच तेलाला लागता कामा नये. तुम्ही यांच्यासाठी झबली विणा. घरातले जुने स्वेटर उसवा, नवी लोकर आणू नका." मग एका बदकाला विणलेलं झबलं घालून दाखवलं. पंख आत, मान बाहेर, पाठीवर दोन बंद. "आणि बायांनो, सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. ही पाखरं आहेत, आपल्याला ती ठेवून घ्यायची नाहीत."

मी मान वळवून पाहिलं तर दारात जानकी उभी. हातात पिवळं झबलं. तेच.

"अगं, हे कशाला आणलंस?" मी म्हटलं.

"जुनंच आहे ना," ती म्हणाली. "चालेल की."

तिथंच बसून तिनं ते उसवलं. मला बघवेना. लोकर कुरळी होऊन मांडीवर पडत होती आणि हिचे डोळे कोरडे. संध्याकाळी ती घरी अंगणात विणायला बसली तर काकी कडाडली, "ती सुई खाली ठेव आधी!"

"पाखराचं आहे, आई."

"पाखराचा असो नायतर माणसाचा! तुझ्या हातात गाठ ऱ्हवना नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काकी, पाखरं तेलानं मरतायत, गाठीनं नाही. पोरीला विणू दे की जरा!" काकीनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर घरात पळाली असती. मी नाही पळाले. जानकी विणतच राहिली.

ते पिवळं झबलं एका कुरवाला मिळालं. कुरव म्हणजे तो पांढरा समुद्रपक्षी, थंडीत खाडीवर येतो, मांजरासारखा नाहीतर तान्ह्या पोरासारखा रडतो. हा तर सारखाच रडायचा. जानकीनं त्याला मांडीवर घेतलं, झबलं चढवलं, बंद बांधले, आणि तो गप्प झाला. ती त्याला बोटानं थोपटत बसली. तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आमच्या चाळीतल्या कमलनं मासळीचे तुकडे द्यायला करंडी उघडली आणि कुरव निसटला. उडता येईना, पंख झबल्यात. पण पळाला मेला! दारातून, गटारावरून, थेट तिवरांत. आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. चिखलात पाय मांडीपर्यंत रुतत होता. रिकाम्या हातानं परत आलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रडणं सुरू झालं.

तिवरांतून यायचं. आधी बारीक, मग श्वास घेतल्यासारखं थांबायचं, मग परत. चाळीतल्या पोरांना आया घरात ओढायला लागल्या. बांधावरून येणाऱ्या एकानं सांगितलं, झाडीत तान्हं पोर रांगताना दिसलं, पिवळं झबलं घातलेलं. मी म्हटलं, "अरे बाबा, ते पाखरू आहे!" मला माहीत होतं, कमलला माहीत होतं, सगळ्या चाळीला माहीत होतं. तरी संध्याकाळी तो आवाज आला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. माहीत असून काय उपयोग?

रत्नप्रभाकाकी बांधावर दहीभात ठेवून आली, नारळ फोडून आली, गाऱ्हाणं घालून आली. रडणं थांबलं नाही. मग ती संध्याकाळी कानावर उशी धरून बसायला लागली. मी खिडकीतून पाहिलं तिला. एवढी वाघीण बाई, पण ओठ नुसते हलत होते.

जानकी मात्र दारात उभी राहून ऐकायची. जेवण सुटलं, झोप सुटली. एकदा तर दोन्ही हातांनी पदर छातीशी घट्ट धरून चालायलाच लागली खाडीकडे. मी धावत जाऊन दंड धरला.

"सोड गं शेवंते. त्याला थंडी वाजतेय."

"कुणाला?"

त्याला नावच नव्हतं, सांगणार काय?

मी तिला तशीच मृणालिनीबाईंकडे नेली. बाई म्हणाल्या, "बंद एव्हाना कुठंतरी अडकून सुटले असतील. सुरगाठच आहे ना?"

जानकी भिंतीकडे बघत म्हणाली, "निरगाठ मारलीये मी. एकावर एक. या खेपेला सुटू द्यायचं नव्हतं मला."

बाईंचा चेहरा पडला. त्या रागावल्या नाहीत, नुसतं सांगितलं. "जानकी, लोकर भिजली की जड होते. पंख आत आहेत, त्याला पोहता येणार नाही. उद्या पौर्णिमा. दुपारच्या उधाणाला पाणी तिवरांच्या शेंड्यापर्यंत चढतं." पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. जानकीनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. मला पाखराचंही वाईट वाटत होतं, पण खरं सांगू? मला धास्ती होती ती हिची. ते झबलं एकदा पाण्याखाली गेलं की ही पोरगी त्याच्या मागून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

सकाळी फटफटताच पूर्ण ओहोटी होती. मी कमरेला कात्री खोचली, नवऱ्याची हाफ पँट लुगड्याखाली चढवली आणि आम्ही दोघी उतरलो. बाई बांधावर दोर धरून उभ्या. चिखल थंडगार, वरून तेलाची साय. तिवरांची मुळं वर आलेली, पायाला टोचणारी. कुठं आवाज नाही. जानकी दबक्या आवाजात हाक मारत होती, "बाळा... ए बाळा..." ती हाक ऐकून माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात तरी स्वच्छ कुठं होते?

तो सापडला. एका मुळाला बंद गुंडाळला गेला होता. पिवळं झबलं काळं झालेलं, फक्त गळ्याशी थोडं पिवळं उरलेलं. मान खाली. मला वाटलं, गेला. जानकीनं हात लावला तेव्हा त्यानं डोळा उघडला.

ती चिखलात फतकल मारून बसली आणि गाठ सोडवायला लागली. ओली निरगाठ, तेलानं माखलेली, ओढावी तशी आवळत चाललेली. नखं तुटली. मी कात्री पुढं केली. तिनं घेतली, गाठीखाली घातली, आणि हात तिथंच थांबला.

"काप ना!"

"नाही गं जमत. कापलं की जाईल तो."

"जाऊ दे की! जगायला जाईल ना!"

"तो पण असाच गेला."

पाणी फिरलं होतं. आमच्या मागच्या ओढ्यात चळक चळक आवाज यायला लागला. मी कात्री हिसकायला गेले तर तिनं मला असं ढकललं की मी आडवी झाले. हीच ती जानकी, जी कुणाला अर्ध्या शब्दानं दुखवायची नाही! बाई बांधावरून ओरडत होत्या, "निघा, निघा!" मला रडू कोसळलं. म्हटलं, आता हिला केस धरून ओढत न्यावं लागणार, आणि माझ्यानं ते होणार नाही.

तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला. "जानके!"

रत्नप्रभाकाकी. म्हातारी गुडघाभर चिखलात, काठी टाकून दिलेली, दोन्ही हातांनी तिवराची फांदी धरून उभी.

"काप ती गाठ. गाठीन काय्येक झाला नाय गो."

जानकीनं वर पाहिलं.

"पोराक ताप इल्लो. तू म्हणी होतंस, इस्पितळात नेऊया, इस्पितळात नेऊया. मी नेऊक दिलंय नाय. अंगारो लावन बसलंय रातभर. धाकू ड्युटीर. सकाळी..." म्हातारीचा आवाज फाटला. "मी काय सांगतलंय असतंय लोकांका? तुझ्या गाठीर ढकललंय. माझ्या हातात मेलो तो, तुझ्या न्हय."

पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं. जानकी सासूकडे बघत राहिली, खूप वेळ, मला तरी तसं वाटलं. मग तिनं मान खाली घातली आणि कात्री दाबली. बंद तुटला. झबलं उलगडून तिनं पाखरू पदरात घेतलं. पिवळी लोकर पाण्यावर पसरली आणि मुळांत जाऊन अडकली. जानकीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. वाटेत म्हातारी हात पुढं करून उभी होती. जानकी तिला ओलांडून पुढं गेली. म्हातारीला मी धरून आणलं. शिव्या द्यायच्या होत्या तिला, सगळ्या तोंडावर आल्या होत्या. पण ती इतकी हलकी लागली हाताला की एकही दिली नाही.

कुरव जगला. बाईंनी तो साबणाच्या पाण्यानं धुतला, जानकीनं बल्बखाली कोरडा केला. त्या रात्री ती झोपली, दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत. किती महिन्यांनी झोपली असेल, देव जाणे. कुरव करंडीत गप्प होता. आणि दिवेलागणीला काकी माझ्या दारात आली, तोंड पांढरं. "शेवंती, आयकलंस?"

"काय?"

"रडता हा."

मी कान दिला. काही नव्हतं. ओसरत्या खाडीचं पाणी, हायवेवरचे ट्रक. "काकी, पाखरू तर इथं आहे, खोलीत. बघून ये."

"बघून इलंय," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत कुरव आणि उरलेली पाखरं सोडून दिली, खोलीला कुलूप लागलं. म्हातारीला रोज संध्याकाळी ऐकू येतच राहिलं. शेवटी एक दिवस ती सुनेसमोर जाऊन बसली. नुसते हात पुढं केले. मी दारात होते. मला वाटलं, आता जानकी हिला फाडून खाईल, आणि खायलाच पाहिजे. जानकीनं ट्रंकेतून सुया काढल्या, सासूच्या हातात दिल्या, बोटं धरून पहिले टाके घातले.

सुनेनं सासूला विचारावं तसं म्हातारीनंच सुनेला विचारलं, "किती विणू गो?"

"रडणं थांबेपर्यंत," जानकी म्हणाली. "आणि सुरगाठ मारा."

आवाज कसा होता म्हणून विचाराल, तर मला आजही सांगता येत नाही. माया होती का शिक्षा होती, की दोन्ही. पुढं खाडी निवळली, झबल्यांची कुणाला गरज उरली नाही. काकी मेली तेव्हा आम्ही तिची खाट हलवली, तर खाली पोत्यात झबलीच झबली. सगळ्यांना सुरगाठ. शेवटचं अर्धवट होतं, सुई अजून त्यात खोचलेली.