फुली मारलेले पिंप

मी एक जुने लाकडी पिंप आहे. खरे तर अर्धेच. उरलेल्या अर्ध्याचे काय झाले ते मला कुणी सांगितलेले नाही. बिअरच्या एका दीडशे वर्षे जुन्या, पण अजून चालू असलेल्या कारखान्यात, पाहुण्यांना चव देण्याच्या दालनात, दाराच्या डाव्या हाताला मी उभे असते. कारखाना बघायला आलेले लोक छोट्या पेल्यांतून पाच प्रकारांची चव घेतात आणि जे आवडत नाही ते माझ्यात थुंकतात. माझ्या कडेला पितळी पाटी आहे : ‘नकोसे येथे टाकावे’. मित्रांनो, तुम्हाला त्या दालनात अजून प्रवेश नाही, आणि ते बरेच आहे. माझी हकिगत बिअरची नाही. ती एका नाकाची आहे.

माझा जन्म काही सुखाचा नव्हता. ओकच्या अठरा फळ्या लोखंडी कड्यात गोल उभ्या करून कारागिराने माझ्या पोटात जाळ केला. तापलेले लाकूड वाकते. जे वाकत नाही ते तडकते आणि त्याच जाळात जाते. माझी एक फळी अशी गेली, तिच्या जागी दुसरी आली. मग हातोड्याने सहा पट्टे ठोकून बसवले. दुसरा पट्टा बसवताना हातोडा निसटला आणि माझ्या पोटावर अंगठ्याएवढा खळगा पडला. शेवटी तापल्या लोखंडाने माझ्यावर दोनशे चौदा हा आकडा डागला. कारागीर म्हणाला, “हे पन्नास वर्षं काढेल.” त्याचा अंदाज फक्त तीन वर्षांनी चुकला.

आमचे काम सोपे होते. भरायचे, गाडीवर चढायचे, रिकामे होऊन परत यायचे. पण परत आलेल्या पिंपाच्या तळाशी जे उरते ते आंबते. लाकूड एकदा आंबले, की त्यात जे भराल ते नासते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारखान्यात एक माणूस नेमलेला असे. धुतलेल्या प्रत्येक पिंपाचे बूच काढून त्याने आत नाक घालायचे. पिंप चांगले असेल तर दोन टकटका मारून पुढे जायचे. आंबलेले असेल तर खडूने फुली मारायची. फुलीचे पिंप भट्टीत जाई. दुसरी संधी नसे.

त्या माणसाला सगळे नाकदादा म्हणत. त्याच्या नाकावर माशी बसत नसे. तंबाखू नाही, अत्तर नाही, कच्चा कांदा नाही. लेकीच्या वाढदिवसाला कुणी फुले दिली तर ती खिडकीबाहेर ठेवी. खडू शर्टाच्या खिशात असे, आणि त्या खडूला कारखान्यात साहेबाच्या सहीएवढा मान होता.

तो दयाळू होता असे मी सांगणार नाही. एकदा पिंपे धुणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातून गरम पाणी कमी पडले आणि नाकदादाने त्याच्या नऊ पिंपांवर ओळीने फुल्या मारल्या.

“दादा, एकदा परत धुतो,” म्हातारा हात जोडून म्हणाला. “आजच्या आज. फुली पुसा तेवढी.”

“नाकाला दया नसते,” नाकदादा म्हणाला आणि दहाव्या पिंपाकडे वळला.

म्हातारा त्याच दिवशी कामावरून गेला. दहावे पिंप मी होते. नाकदादाने माझ्यात नाक घातले, खळग्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हे गोड आहे.” मला फार आनंद झाला. नऊ सोबती भट्टीकडे गडगडत निघाले होते, तरीही झाला. तो आनंद आज मला आठवतो आणि आवडत नाही.

तीस वर्षे मला एकही फुली पडली नाही. दर वेळी तो अंगठा, दर वेळी ते दोन शब्द.

पुढे स्टीलची पिंपे आली. स्टील आंबत नाही, त्याला नाक लागत नाही. आम्हा लाकडी पिंपांतली वीस तेवढी ठेवली. मालकांच्या भाच्याच्या हाती कारभार आला, आणि त्याच्या ध्यानात आले, की बिअर पिणाऱ्यांपेक्षा ती कशी करतात ते बघणारे जास्त आहेत. मग जवाला मोड आणण्याची खोली, तांब्याची प्रचंड कढई, थंड तळघर, असे सगळे दाखवत तो लोकांना फिरवू लागला. रोज दोन फेऱ्या, अकराची आणि चारची. फेरीच्या शेवटी, चवीच्या आधी, नाकदादाचा खेळ. तीन पिंपे मांडायची, त्यातले एक मुद्दाम नासवलेले. नाकदादाने ते ओळखायचे. लोक टाळ्या वाजवत. नाकदादाला त्या टाळ्या मनातून आवडत नसत, पण खिशात खडू होता.

एका हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला आणि नाक घेऊन गेला. हे मला त्याच्या लेकीकडून कळले. ती आमच्याच शेडमध्ये पिंपे धुवायची.

“काल दूध करपून घरभर धूर झाला, बाबा. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात.”

“लक्ष नव्हतं.”

“नाक होतं का?”

ती गेल्यावर तो माझ्याजवळ आला, बूच काढले, नाक आत घातले आणि सात-आठ वेळा खोल श्वास घेतला. मी नुकतेच रिकामे झाले होते; माझा वास शेडच्या दारापर्यंत जात होता.

“बोल की रे,” तो माझ्या पोटात म्हणाला.

मी काय बोलणार?

आता त्याची खरी अडचण सांगते. त्याला खडू लेकीला द्यायचा होता. तिचे नाक त्याच्याहून तिखट होते. खरी पिंपे ताप आल्यापासून तीच हुंगत होती, तो नुसता मागून खडू चालवत होता. पण बाईच्या हाती खडू कधी गेला नव्हता. भाचेसाहेब म्हणाला होता, “हंगाम संपू दे, काका, मग देऊ तिला. तोवर खेळ तुम्हीच करा. लोक पांढऱ्या मिशा बघायला येतात.” नाक गेल्याचे कळले असते, तर बाप आणि लेक दोघेही दाराबाहेर गेले असते. हंगाम संपायला चार महिने होते.

लेकीने तोड काढली. बुचाच्या लाकडावर बारीक रेषा असतात. बूच ठोकताना त्या नेहमी फळीला आडव्या ठेवतात. उभ्या ठेवल्या तर बूच गळते. हे पिंपांत जन्म काढलेल्या माणसाशिवाय कुणी बघतसुद्धा नाही. ती नासवलेल्या पिंपाचे बूच उभ्या रेषांनी बसवू लागली. बाप बूच काढताना बघे, मग नाक घाली, डोळे मिटे, कपाळाला आठ्या घाली आणि बरोबर पिंपावर फुली मारी. दोन महिने हे बिनबोभाट चालले.

भाचेसाहेब हुशार होता. एके दिवशी त्याने पाहिले, की काका हुंगतात थोडा वेळ आणि बुचाकडे बघतात जास्त. तो कुणाला काही बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये आला, माझे बूच काढले, आत दोन बाटल्या व्हिनेगर ओतले, मला पायाने इकडून तिकडे लोळवले आणि बूच जसे होते तसे, आडव्या रेषांनी, बसवले. चारच्या फेरीआधी त्याने लेकीला टेबले पुसायला वर पाठवले आणि पिंपे स्वतः मांडली.

“मंडळी,” तो म्हणाला, “दुसरीकडे मशिनी आहेत, आमच्याकडे काका आहेत. हे आमचं नाक. काका, लावा.”

नाकदादाने पहिले बूच काढले. रेषा आडव्या. दुसरे काढले. आडव्या. माझे काढले. आडव्याच.

“पोरगी कुठाय?”

“तिचं काय काम?”

“पाणी हवं होतं जरा.”

“वास घ्यायला पाणी लागतं होय, काका?”

लोक हसले. नाकदादाने माझ्या पोटावर हात ठेवला. अंगठा सरकत सरकत खळग्यावर आला आणि थांबला. त्याचा चेहरा एकदम निवळला. तीन पिंपांतले एक तरी त्याला नाकाशिवाय कळले होते.

“हे दोनशे चौदा,” तो मोठ्याने म्हणाला. “हे गोड आहे. ह्यात पाणी भरून माझ्या लेकीला पाजीन, इतकं गोड.” मग उरलेल्या दोघांपैकी मधल्याकडे बोट केले. “नासलेलं हे.”

भाचेसाहेब लाल स्कार्फवाल्या एका बाईंकडे वळला. “ताई, तुम्ही बघा ना जरा. हे गोड म्हणतात ते.”

बाई वाकल्या आणि तोंडाला स्कार्फ लावून मागे सरल्या. “शी! नुसतं व्हिनेगर आहे हो!”

“घ्या!” भाचेसाहेबाने टाळी वाजवली. “आमच्या नाकानंच आमचं नाक कापलं!”

सगळे खो खो हसले. त्यांना वाटले, खेळच असा आहे. मागून एक जण ओरडला, “परत करा ना, व्हिडिओ राहिला!”

“काका, एकदा परत. ह्यांच्यासाठी.”

आणि नाकदादा परत वाकला. परत खळगा चाचपला, परत म्हणाला, “हे गोड आहे.” या वेळी हशा जास्त मोठा होता, कारण काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होते.

लेक हातात फडके घेऊन जिन्यावरून येत होती. दहा पावलांवरून तिला वास आला. “बाबा, तेच आंबलंय!” ती ओरडली आणि तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. भाचेसाहेबाने तिच्याकडे नीट बघून घेतले.

पाहुणे गेल्यावर तिथेच, माझ्याजवळ, बोलणे झाले.

“खडू देतो हिला. आजपासून,” भाचेसाहेब म्हणाला. “खेळ तेवढा बदलू. आधी काका चुकणार, मग ही ओळखणार, मग फुली.”

“पिंपावर,” लेक म्हणाली.

“पिंपावर कशाला? काकांच्या पाठीवर. काळा कोट शिवून देतो, उठून दिसेल.”

“लाज वाटत नाही तुम्हाला? बाबा, चला घरी.”

“काका, तुम्हीच म्हणायचात ना, नाकाला दया नसते?”

नाकदादाने माझ्या कडेवर हात ठेवला. मग विचारले, “खडू कायमचा हिचा?”

“कायमचा.”

त्याने खिशातून खडू काढून लेकीच्या मुठीत दाबला. “मार फुली, बाई. खडूच आहे. झटकला की जातो.”

दोन महिने, रोज दोनदा, तिने बापाच्या पाठीवर फुली मारली. ती हलक्या हाताने मारी, तर भाचेसाहेब म्हणे, “जोरात! मागच्यांना दिसू दे.” माझ्यात रोज व्हिनेगर पडत होते. आणि नाकदादा रोज माझा खळगा शोधून म्हणे, “हे गोड आहे.” सुरुवातीला तो ते ठरल्याप्रमाणे म्हणे. नंतर नंतर त्याचा आवाज असा होऊ लागला, की त्याला ते खरेच वाटते की काय, मला सांगता येईना. लोक पोट धरून हसत. गर्दी दुप्पट झाली.

हंगाम संपायला तीन दिवस असताना तो झोपेतच गेला. तिसऱ्या दिवशी लेक आली, डोळे सुजलेले. भाचेसाहेब म्हणाला, “वाईट झालं.” मग म्हणाला, “कोट आणलास ना? आज शेवटची फेरी आहे.”

कोट तिने आणला होता. भाचेसाहेबाने तो एका खुंट्यावर अडकवून मधोमध उभा केला. लोक जमले. “हे आमचे काका,” तो कोटाकडे हात करून म्हणाला, आणि लोक हसले. “चुकले बिचारे. मार गं फुली.”

लेक कोटाजवळून पुढे गेली. माझे बूच तिने काढले आणि नाक आत घातले. वास दारापर्यंत जात असताना याची काही गरज नव्हती. खळग्यावर अंगठा ठेवून ती हळूच म्हणाली, “गोड होतंस रे.” मग सरळ उभी राहिली.

“नासलेलं हे आहे,” ती लोकांना म्हणाली. “ह्याच्यात रोज व्हिनेगर ओततात. माझे बाबा चुकले नव्हते. त्यांना वास येत नव्हता, आणि हे सगळं माहीत असून त्यांना इथे उभं केलं.” आणि तिने माझ्या पोटावर, दोनशे चौदाच्या खाली, मोठी फुली मारली. माझी पहिली. ती खरी होती. लाकूड आतपर्यंत आंबले होते, आता कुठल्याच पाण्याने ते धुतले जाणार नव्हते. खडू तिने माझ्या डोक्यावर ठेवला आणि बापाचा कोट घेऊन निघून गेली.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटले, शेवट चांगला बसवलाय.

मला भट्टीत टाकले असते तर बरे झाले असते. भाचेसाहेबाने मला मधोमध कापून घेतले, आणि फुली पाहुण्यांना आवडेल म्हणून तिच्यावरूनच रोगण मारले. नाकदादा म्हणाला होता, खडू झटकला की जातो. हा जात नाही. तो खडू आता काचेच्या पेटीत आहे, खाली लिहिलेय : ‘परंपरा’.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही अशा जागा बघायला जाल. जुन्या वस्तूंना जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे त्याहून लहान आहे. एखादा म्हातारा सगळ्यांसमोर चुकला आणि सगळे हसले, तर तुम्ही हसण्याआधी जरा वाकून बघा, त्याच्या भरवशाच्या पिंपात व्हिनेगर कुणी ओतले आहे. वास लगेच येईल. तुम्हाला नाक आहे.