आत्याबाईंच्या गालावरची बुरशी

संग्रहालयातल्या त्या चित्राला सगळे आत्याबाई म्हणत. उत्खननात सापडलेल्या भिंतीच्या गिलाव्यावर रंगवलेला तो एका बाईचा चेहरा. कित्येक शतकं जुना, पण भाव असा, की घरात येऊन बसल्याला तास झाला आणि अजून कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांचे तुकडे जुळवून त्यांना उभं करणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे बुरशीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

कारण बुरशीशी तिचं हाडवैर होतं. दालनात ओली छत्री दिसली की तिचं डोकं फिरे. पहारेकऱ्याचा चहा तिने कधीच बंद केला होता. बिचारा शिंकायलासुद्धा फाटकाबाहेर जाई. घरी नवरा आंघोळ करून निघाला की ती त्याला टॉवेलसकट गॅलरीत वाळत उभं करी.

"अगं, मी माणूस आहे, भित्तिचित्र नाही," तो म्हणे.

"तेच तर दुर्दैव," ती म्हणे.

आणि इतकं करूनसवरून आत्याबाईंच्या उजव्या गालावर हिरवट ठिपका उगवलाच. तिने तो हलक्या हाताने टिपून काढला. तो पुन्हा आला. पुन्हा काढला, पुन्हा आला, आणि या वेळी सोबतीला आणखी दोन घेऊन आला. शेवटी संचालकांनी हात टेकले.

"सोमवारपर्यंत हे थांबलं नाही, तर आत्याबाई तळघरातल्या बंद पेटीत. कायमच्या," ते म्हणाले.

कायमच्या! खोकंभर चुऱ्यातून तिने ते नाक शोधून काढलं होतं, ते काय पेटीच्या झाकणाला दाखवायला? तिने छत तपासलं, खिडक्या तपासल्या, एसीची जाळी खोलली. पहारेकऱ्याच्या खिशात ओला रुमाल सापडला तेव्हा तर त्याची अशी खरडपट्टी काढली, की रुमालाबरोबर तोही पिळून निघाला. उरलेला सगळा वेळ ती नेहमीसारखाच मास्क लावून, भिंग घेऊन, आत्याबाईंच्या गालाला जवळजवळ नाक लावून बसे. ती जितकं निरखी, तितकी बुरशी फोफावे.

सोमवारी संचालक आले. त्यांनी गाल पाहिला आणि सुस्कारा सोडला. "पेटी वर आणायला सांगतो."

बुरशीबाई उसळली. मास्क न काढताच ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, नाकाला नाक भिडेल इतकी जवळ. "दोष तुमच्या एसीचा आहे! दोष त्या रुमालाचा आहे! दोष..."

बोलता बोलता तिची नजर एका जागी खिळली. संचालकांच्या चष्म्याची काच वाफेने पांढरी झाली होती. एकच. उजवी.

तिने चाचपून पाहिलं. मास्कच्या डाव्या बाजूला श्वास बाहेर सोडणारी छोटी झडप होती. बुरशीची धूळ आपल्या नाकात जाऊ नये म्हणून तिनेच हट्टाने मागवलेला, सगळ्यांत भारी मास्क! आत येणारी हवा तो गाळून घेई, आणि बाहेर जाणारी, ऊबदार आणि ओलसर, थेट समोरच्याच्या उजव्या गालावर सोडी.

ती मटकन स्टुलावर बसली. "मीच हो, साहेब. सगळ्यांना हाकललं आणि स्वतः आत्याबाईंच्या तोंडावर फुंकर घालत बसले."

संचालकांनी चष्मा पुसला. त्यांना हसू आवरत नव्हतं. "महिनाभर बघू. पण तुम्ही प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे. जवळून जे बघायचं ते कॅमेरा बघेल."

गाल साफ करून घेतला, तो साफच राहिला. आत्याबाई दालनातच राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन त्यांना भेटायला गेली. दोरीपाशी उभी राहिली. ज्या चेहऱ्याचा कण न् कण तिने बोटांनी जुळवला होता, तो आता इतका लांब! तिचे डोळे भरून आले. नकळत ती एक पाऊल पुढे सरकली.

"मॅडम, मागे," पहारेकरी म्हणाला. किती दिवस वाट पाहिली असेल त्याने या दोन शब्दांची!

ती निमूट मागे झाली.

"अगं, श्वास घे की," नवरा कुजबुजला. "कधीची रोखून उभी आहेस."

तिने जोरजोरात मान हलवली. लालबुंद चेहऱ्याने आत्याबाईंकडे एकदा डोळे भरून पाहिलं, नवऱ्याचा हात धरला आणि धावत सुटली ती थेट फाटकाबाहेर, पहारेकऱ्याच्या शिंकायच्या जागेवर. तिथे पोचल्यावर तिने श्वास सोडला.