निवडुंगाकडे तोंड करून बसलेला पाहुणा

एप्रिलात हवारिया गावात माणसं वर बघत चालतात. समुद्र ओलांडण्याआधी शिक्रे डोंगरावरून जातात, आणि जाळीवाल्यांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या माना आभाळाकडे असतात. शाद्लियाच्या पाहुणघरात उतरलेला सी नबील मात्र डोंगराकडे पाठ करून, डोळ्यांना दुर्बीण लावून निवडुंगाच्या कुंपणापाशी बसायचा. कुंपणापलीकडे तिच्या भावाचं, बशीरचं अंगण होतं.

बशीरच्या खोलीत दोन शिक्रे होते. परवाना एकाचाच. लाव्यांच्या शिकारीपुरता एक पक्षी धरायचा, पढवायचा, हंगाम सरला की सोडून द्यायचा, असा गावाचा रिवाज. यंदा मात्र दुसऱ्यांदा जाळ्यात अशी दांडगी मादी आली की बशीरला ती सोडवेना. तपासनीसाला कळलं असतं तर वडिलांपासून चालत आलेला परवाना कायमचा गेला असता.

“शिक्रे बघायला वर जा की,” न्याहारी वाढताना शाद्लिया म्हणाली.

“शिक्रे बघून झाले, लल्ला,” तो अदबीनं म्हणाला. “मला निवडुंगातला वटवट्या बघायचाय. अंगठ्याएवढा असतो.”

“अंगठ्याएवढ्या पाखरासाठी ट्युनिसहून आलात?”

“हो.” त्यानं भाकरीला हरिसाची तिखट चटणी लावली. “पलीकडच्या अंगणातली ये-जा कधी थांबते? माणसं नसली की तो बाहेर येईल.”

शाद्लिया तडक बशीरकडे गेली. “मादी सोड. माझा पाहुणा पक्षी बघणारा नव्हे, तपासनीसाचा माणूस आहे.”

“गेल्या वर्षी तुला वीजवालाही हेर वाटला होता, ताई.”

“वीजवाल्यानं निदान मीटर तरी बघितला. हा तुझं दार बघतो.”

“असली मादी बाबांच्याही हातावर बसली नव्हती. नाही सोडणार,” असं म्हणून बशीर जाळी खांद्यावर टाकून डोंगर चढला.

तो दिसेनासा झाल्यावर ती त्याच्या खोलीत शिरली. मादीनं तिच्याकडे पिवळा डोळा रोखला. पायातली वादी काढायला हवी होती. घाईत तिनं बसायच्या दांड्याला बांधलेली गाठ सोडली, आणि पक्षी वादीसकट मागच्या खिडकीतून निसटला.

थोड्याच वेळात सी नबील धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात उभा. “लल्ला, ऑलिव्हच्या झाडात शिक्रा उलटा लटकलाय. पायातली वादी फांदीत अडकलीय. कुणाचा?”

“मला काय ठाऊक! गावात घरोघरी शिक्रे आहेत.”

“मालकाला बोलवा. मी हात लावला तर जास्तच फडफडेल. त्याच्या ओळखीचा माणूस हवा.”

ओळखीचा माणूस! म्हणजे पक्षी ज्याच्या हातावर शांत होईल, तोच चोर. शाद्लियानं त्याचा चेहरा निरखला. घामाशिवाय काही दिसेना. गप्प बसावं, तर मादी फांदीवरच मरणार. घरी आणावी, तर दुसरा पक्षी याच्या डोळ्यांदेखत बशीरच्या दारात.

तिनं भाजीची सुरी उचलली. झाडाखाली जाऊन ओढणी मादीवर टाकली, पंख काखेत दाबले आणि वादी पायापासून कापली. नखांनी मनगट फाडलं. ओढणी काढताच मादी निवडुंगावरून, छपरांवरून थेट समुद्राकडे गेली.

बशीर डोंगराच्या वाटेवरच होता. त्यानं ती जाताना पाहिली. उतरून आला, बहिणीच्या मनगटावरचं रक्त पाहिलं, तिच्या मुठीतली वादी पाहिली.

“तुमचा होता का?” सी नबीलनं विचारलं.

“माझा घरात बसलाय,” बशीर कोरड्या आवाजात म्हणाला. “परवान्यासकट. बघायचाय?”

“नको, नको.” त्यानं एकदम बोट ओठांवर ठेवलं आणि दुर्बीण शाद्लियापुढे धरली. “तो बघा, आला!”

निवडुंगाच्या फडीवर करड्या डोक्याचं इवलंसं पाखरू चोचीत अळी धरून बसलं होतं. तिच्यामागून बशीरनंही बघितलं. मग दुर्बीण परत करून बहिणीकडे वळला. “होतं की गं पाखरू.”

“असेना,” शाद्लिया वादी चुलीत टाकायला निघाली. “कुंपणापाशी बसायला त्याला काहीतरी कारण लागणारच.”

बशीर तिच्याशी पुढे हंगामभर बोलला नाही.