गाळलेले चौदा ठिपके

तिसऱ्या पत्रालाही उत्तर आलं नाही, तेव्हा हेमलता रिक्षा करून थेट बेंगळुरातल्या जयनगरला त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात जाऊन उभी राहिली. सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. अभिप्रायाची पत्रकं छापून वाटायची आणि ती भरून आली की कानांत बोळे घालून बसायचं, ही कुठली रीत?

दोन वर्षं ती संशोधनासाठी हत्तींच्या एका कळपामागे होती. म्होरक्या हत्तिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. तिचा मदतनीस गुंडोअण्णा अँटेना घेऊन रानात फिरायचा आणि हत्तीण कुठे आहे ते वहीत टिपायचा. अशा दोनशे ऐंशी नोंदी संगणकात भरल्या की या कंपनीचं प्लगइन नकाशावर ठिपके मांडून कळपाच्या वावराची हद्द आखायचं. बन्नेरघट्ट्याच्या बाजूला हत्ती शेतांत उतरू नयेत म्हणून रानाच्या कडेने खंदक खणला जाणार होता, आणि हत्तींना जायला जागा कुठे सोडायची ते या नकाशावरून ठरणार होतं. पलीकडच्या रानात जायला कळपाला एकच चिंचोळी वाट होती. नकाशात नेमकी तीच नव्हती! आणि नकाशा आज पाचच्या आत वनखात्याला द्यायचा होता.

तक्रारी बघायला प्रणीत होता, पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेला.

"मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम नाहीये," तो म्हणाला. "नव्या व्हर्जनमध्ये सगळ्यात लांबचे पाच टक्के पॉइंट्स आपोआप गळतात. मॅप क्लीन दिसतो."

"क्लीन? अहो, वर्षातून दोनदाच जातात ते तिकडून. लांबचे ठिपके म्हणजेच ती वाट! त्या चौदा ठिपक्यांसाठी आमचा गुंडोअण्णा जळवा लावून घेत फिरला. कुणी सांगितलं गाळायला?"

"युजरनेच. फीडबॅक आला होता."

"कोण तो शहाणा? दाखवा बघू."

प्रणीतने फाइल उघडून एक पत्रक पुढे सरकवलं. 'काही ठिपके उगीच दूर भरकटलेले दिसतात. नकाशा गबाळा वाटतो. ते आपोआप काढण्याची सोय करावी.' खाली सही होती. हेमलताचीच.

तिच्या कानशिलांपर्यंत आग गेली. गेल्या वर्षी परिषदेत मांडायला तिला देखणा नकाशा हवा होता. दूरचे ठिपके म्हणजे टेकड्यांवर आदळून आलेले चुकीचे सिग्नल, असं तिने बसल्या जागी ठरवून टाकलं होतं. गुंडोअण्णाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तीन पत्रांतून ती ज्याच्या नावाने खडे फोडत होती, तो शहाणा आरशात रोज दिसत होता.

"सरी, बरं," ती कशीबशी म्हणाली. "आता हे बंद करा."

"कोड पुण्याला असतो, मॅडम. नवी फ्लॉपी यायला आठवडा तरी लागेल."

तिने कपाळावर हात मारला. मग त्या पत्रकाची झेरॉक्स मागून घेतली, तिथल्याच टेबलावर सोबत आणलेल्या गुंडोअण्णाच्या वहीतून बघून छापील नकाशावर लाल पेनाने चौदा ठिपके काढले आणि साडेचारला वनखात्याची कचेरी गाठली.

तिथले साहेब भगवंतराव, बेंगळुरातल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे लाल काय, अक्का? हातानं काढलंय?"

"हो."

"मग कसं धरू मी? कॉम्प्युटरनं दाखवलं नाही ते आपण घुसडलं म्हणतील. उद्यापासून खणायला माणसं येतात."

हेमलताला वाटलं, टेबल उलथून टाकावं. पण राग काढायला समोर आपल्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं. तिने झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली. "कॉम्प्युटरनं दाखवले होते. मीच गाळायला लावले. दुरुस्त फ्लॉपी यायला आठवडा लागेल."

भगवंतरावांनी पत्रक दोनदा वाचलं. "स्वल्प विचार करा. हे फाइलला लागलं तर उद्या तुमच्या नकाशाला कोण विचारील?"

"लावा."

"मग चूक कुणाची, तेही लिहून द्या. त्यावर आठवडाभर काम थांबवता येईल."

हेमलताने कागद ओढला आणि पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.