मामाने दुरुस्त केलेलं ईसीजी मशीन

आमचा फुकट दवाखाना दर शनिवारी एका बंद पडलेल्या सलूनमध्ये भरतो. ज्यांचा विमा नाही अशा मोठ्या माणसांसाठी. पेशंट फिरत्या खुर्चीत बसतो, त्यामुळे साखर वाढलीय हे ऐकताना आपलं तोंड कसं होतं ते त्याला समोरच आरशात दिसतं. ही सोय पैसेवाल्यांच्या दवाखान्यातही नाही.

डॉक्टरीणबाई निवृत्त. जन्मभर लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे सवय सुटत नाही. मिशाळ ट्रक ड्रायव्हरलाही म्हणतात, "आ कर बघू. अजून मोठ्ठा. शहाणं माझं बाळ!" तो हत्तीचं स्टिकर घेऊन घरी गेला आणि पुढच्या शनिवारी काहीही होत नसताना वाघाचं मागायला आला.

मी तिथे नावं पुकारतो. वैद्यकीय पात्रता एवढीच.

माझा मामा इलेक्ट्रिशियन. विमा नाही. "आपणच आपल्या आजारपणावर पैज लावायची, आणि जिंकायचं तर आधी आडवं पडायचं," असं त्याचं म्हणणं. हल्ली तो शिडीवर अर्ध्यात थांबतो, छाती चोळतो आणि म्हणतो, "काय हवा सुटलीय!" मामीचा या हवेवर विश्वास नव्हता. मला म्हणाली, "काहीही कर, पण त्यांना एकदा त्या बाईंपुढे आडवं कर."

मामा फुकट औषध घेणाऱ्यांतला नव्हे. फुकट काम मात्र हौसेने करतो. म्हणून मी सांगितलं, दवाखान्याला दान मिळालेलं ईसीजी मशीन बंद आहे. खोटं नव्हतं. चालू मशीन कोण दान करतं?

शनिवारी मामा हत्यारं घेऊन आला, तेव्हा बाई पलीकडे पेशंटमध्ये गुंतल्या होत्या. मामाने मशीन उघडलं, फुंकलं, सोल्डरचे दोन टाके मारले, मिटलं. त्याच्या धंद्याचा नियम असा, की दुरुस्त केलेली वस्तू आधी स्वतः लावून बघायची, मग गिऱ्हाइकाला द्यायची. शर्ट काढून तो स्वतःच पलंगावर आडवा झाला. झाकणावरचं चित्र बघून मी वायरी चिकटवल्या. कागद बाहेर आला. त्यावर कुणीतरी चालत्या बैलगाडीत सही केली होती.

"अजून बिघाड आहे," म्हणत मामाने मशीन पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. पुन्हा बैलगाडी.

"माझ्यावर लावून बघ," मी म्हणालो. माझी रेघ शाळेच्या रांगेसारखी शिस्तीत आली.

"तुझं काय, नुसता बसून असतोस."

मग वाघाच्या स्टिकरसाठी थांबलेला तो ट्रक ड्रायव्हर आपणहून उघडा होऊन आडवा पडला. त्याचीही शिस्तीत. मामाचा चेहरा खुलला.

"म्हणजे माझ्या अंगातच करंट जास्त आहे! मशीनला झेपत नाही."

त्याने तिसऱ्यांदा स्क्रू ड्रायव्हर उचलला. तो त्याच्या हातातून घामाने निसटला. तेव्हा मात्र मला हसू येईना. मी कागद घेऊन बाईंकडे पळालो.

बाई आल्या, तोवर मामाने स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला होता. "बाळ, ते खाली ठेव."

"अहो बाई, पण मशीन..."

"मशीन छान दुरुस्त केलंस."

मामाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. समोरच्या सगळ्या आरशांतल्या मामांनीही ठेवला.

"लोकांच्या घरची वायर तापायला लागली, की काय सांगतोस?"

"वापरू नका म्हणतो. तरी लोक म्हणतात, 'चालतंय तोवर चालवू.' मूर्ख असतात. मग जळतं सगळं." त्याला समोर आरशात आपलं तोंड दिसलं. "बाई, मेन स्विच बंद नका करू हां."

"नाही करत. ही गोळी चाव."

त्याने मुकाट्याने चावली. फुकटची होती.

बाईंनी फोन लावला. त्यांचा लहानपणीचा एक पेशंट आता मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचा डॉक्टर आहे. "शेंबड्या, माझा एक मुलगा पाठवतेय. त्याला विमा नाही, पुढचं तू बघ. आणि काय रे, जेवतोस ना वेळेवर?"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मामाच्या छातीवर वाघाचं स्टिकर लागलं. "तो वाघ मी सांगून ठेवला होता," ड्रायव्हर पुटपुटला, पण स्ट्रेचरला हात लावायला तोच पहिला.

मी मामीला फोन केला.

"झाले का आडवे?"

"झाले."

"कसे काय?"

"आपणहून."

पलीकडून चपला शोधण्याचा आवाज आला.

"मी येईपर्यंत उठू देऊ नकोस," मामी म्हणाली.