दोन हिवाळे

ओहोटी पुरती लागल्यावर तूदाने लाटेवर स्वार व्हायच्या फळीवर बसल्याबसल्याच दोरी पाण्यात सोडली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा होता आणि दर अर्ध्या मीटरला एक गाठ. गोळा तळाला टेकला की दोरी बोटांत किंचित सैल पडते, तेवढ्यावरून ओळखायचं. सहावी गाठ पाण्याखाली गेली, तरी दोरी ताठच होती.

"किती?" बलईदने विचारलं.

"तीन वीस."

"मागच्या खेपेला?"

"तेवढंच, जवळजवळ," तूदा म्हणाली. मागच्या खेपेला तीन मीटर भरले होते. दोन वर्षांपूर्वी ऐन ओहोटीला याच जागी उभं राहिलं तर पाणी कंबरेला लागायचं.

तिघंही आपापल्या फळीवर पाय सोडून, तोंड समुद्राकडे करून बसले होते. फेब्रुवारीचं पाणी रबरी सुटातूनही हाडांत शिरत होतं. एक लाट आली, म्हणजे पाण्याला नुसता फुगवटा आला. तिघांना वितभर उचलून तो पुढे गेला आणि पार किनाऱ्याच्या गोट्यांवर जाऊन धपकन आपटला.

"आमची आजी नमाजाआधी वजूला बसते ना," बिही म्हणाला, "तिच्या परातीत याहून मोठी लाट येते."

"मग जा आजीच्या परातीत," बलईद म्हणाला.

"गेलो असतो. पण ती एका वेळी एकालाच घेते. आणि तुझ्या ढुंगणाच्या मापाची परात अख्ख्या आगादीरमध्ये मिळायची नाही."

बलईद हसला. तूदाही हसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती दहा दिवस आगादीर शहरात कामावर होती, काल संध्याकाळच्या बसने गावात परतली. आज बलईदला सांगायचंच, असं ठरवून ती पाण्यात उतरली होती. त्याचे हमूकाका एका लग्नासाठी गावी आले होते आणि रविवारी कासाब्लांकाला परतणार होते. आज शनिवार. हातात एक दिवस होता.

सूस खोऱ्यातल्या प्रत्येक घराचं एखादं वाणसामानाचं दुकान कासाब्लांकात असतं, आणि घरातली मुलं पाळीपाळीने तिथे गल्ल्यावर बसायला जातात. हमूकाकांच्या दुकानात बलईदची पाळी दीड वर्षापूर्वीच आली होती. पण बलईदला लाट हवी होती. त्यांच्या गावात, इमी-वासिफला, नदीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा एक दांडा होता. त्यावर लाट खडकापाशी फुटायला लागायची आणि कापड फाटत जावं तशी उजवीकडे उलगडत थेट होड्यांपर्यंत यायची. दोनशे पावलांचं अंतर. तिच्यासाठी लांबलांबून माणसं यायची. बलईद सोळाव्या वर्षापासून त्यांना फळीवर उभं राहायला शिकवायचा. त्यावर घर चालायचं. पण ती माणसं निघून गेल्यावर तो एकटा त्या लाटेवर जे करायचा, ते बघायला जाळी विणणारे म्हातारेसुद्धा सुया खाली ठेवायचे. मग एका रात्रीच्या वादळाने दांडा धुऊन नेला आणि त्याबरोबर लाटही गेली.

तेव्हा तूदा विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती, किनाऱ्यांचाच अभ्यास करत होती. साहजिकच सगळ्यांनी तिला विचारलं. तिने जुन्या नोंदी काढल्या. चौतीस वर्षांपूर्वी असंच वादळ झालं होतं आणि दांडा दोन हिवाळ्यांत पुन्हा भरला होता. चहाच्या टपरीवर दहा माणसांसमोर ती म्हणाली होती, "दोन हिवाळे लागतील." गावात पहिल्यांदाच कुणी तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं होतं. बलईदने काकांना कळवलं, दोन हिवाळे थांबा. त्याची आई म्हणाली, हातचं सोडून पळत्यापाठी लागतोय. पण काका थांबले.

आणि गेल्या ऑक्टोबरात ऑफिसमध्ये एक अहवाल नीट लावताना तूदाला दिसलं की नदीवरचं धरण एकोणतीस वर्षांपूर्वीचं आहे. तिच्या नोंदी त्याच्या आधीच्या. वाळू समुद्र आणून देत नव्हता; ती डोंगरातून नदी आणत होती, आणि आता ती धरणाच्या भिंतीमागे गाळात बसत होती. गणित पाच ओळींचं होतं. तिने ते अकरा वेळा करून पाहिलं. मग आज नको, आणखी मापं घेऊ म्हणता म्हणता नोव्हेंबर गेला. डिसेंबरात बलईदच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. जानेवारीत तर काही कारणही उरलं नव्हतं.

"ही मी घेतो," बलईद म्हणाला आणि पालथा पडून हात मारू लागला. मागून येणारा फुगवटा आधीच्यांपेक्षा जरासा उंच होता. त्याने सहा-सात हात मारले. पाणी त्याच्याखाली आलं, फळीचं शेपूट उचललं गेलं, क्षणभर तो उतारावर असल्यासारखा दिसला, आणि पाणी त्याला तिथेच टाकून पुढे गेलं. तो वळून परत आला.

"मिळाली असती," तो म्हणाला. "तळ अर्धा मीटर वर असता तर मिळाली असती."

तूदा त्याच्याकडे वळली. "बलईद, काका उद्या किती वाजता निघणार?"

"काका? काका गुरुवारीच गेले. दुकानात पोरगा एकटा होता, राहिले नाहीत."

"आणि... तू?"

"मी काय? मी हा बसलोय तुझ्यासमोर. यिदरला नेलं."

यिदर त्याचा चुलतभाऊ, एकोणीस वर्षांचा.

"जाताना म्हणाले, शेवटचं विचारतोय," बलईद सांगत राहिला. "मी म्हटलं, काका, दुसरा हिवाळा अजून महिनाभर शिल्लक आहे. तर म्हणतात, ती तूदा काय ज्योतिषी लागून गेली का? मी म्हटलं, ज्योतिषी असती तर आधी मीच ऐकलं नसतं."

बिही हसला. "काकांचं तोंड बघायला पाहिजे होतं गं. आंबट ताक प्यायल्यासारखं झालं होतं."

तूदा पाण्याकडे बघत राहिली. आता सांगून उपयोग नव्हता. म्हणजे न सांगूनही चालण्यासारखं होतं. तेवढ्यात बलईद म्हणाला, "एप्रिलमध्ये जुन्या फळ्या बाहेर काढू. बिही, तुझ्या तीनचाकीतून आणू त्या वरच्या घरून. दोन तडकल्यात, पण बाकीच्या—"

"वाळू येणार नाही," तूदा म्हणाली.

"एप्रिल नाही तर मे."

"मेमध्येही नाही. पुढच्या वर्षीही नाही. माझं चुकलं. त्या नोंदी धरणाच्या आधीच्या होत्या. नदी आता वाळू आणतच नाही, बलईद. तळ भरत नाहीये, खोल होतोय. आज वीस सेंटीमीटर जास्त भरला. मी मघाशी खोटं सांगितलं."

फळ्यांखाली पाणी चुळुकचुळुक वाजत होतं.

"तुला कधी कळलं?" बलईदने विचारलं.

"ऑक्टोबरात."

त्याने मान हलवली. एखाद्याने रस्ता सांगावा आणि आपण तो लक्षात ठेवावा, तशी. "ऑक्टोबरात काकांनी दोनदा फोन केला होता," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा मी उचललाच नाही."

"धरणं काय, फुटतात कधीतरी," बिही म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्याने नाक पुसलं, मग पुन्हा पुसलं. "होड्या लागतील आता. मला माशांच्या पेट्या पोचवायच्यात. तूदा, चल तू पण."

"तू हो पुढे."

बिही पालथा पडून किनाऱ्याकडे निघाला. वाटेत त्याला एकही लाट लागली नाही. सगळं अंतर त्याला हातांनीच कापावं लागलं.

बलईदने पुढच्या फुगवट्यासाठी हात मारले, तो निसटून गेला. मग त्याच्यापुढच्यासाठी. तो इतक्या जोराने हात मारत होता की पाणी पांढरं होत होतं. बावीस वर्षांच्या त्या अंगात जे काही होतं, ते सगळं त्याने त्यात घातलं. लाटेला उतारच नव्हता. प्रत्येक वेळी ती त्याला उचलायची, जागच्या जागी ठेवायची आणि पुढे जायची. नवव्या वेळेनंतर तो तूदापासून चार हातांवर येऊन बसला. त्याचे दात वाजत होते.

"भरती किती वाजता?"

"दोनला."

"म्हणजे पाणी अजून चढणार."

"दीड मीटर."

"बरं," तो म्हणाला. पण त्याने फळी किनाऱ्याकडे वळवली नाही.

"बलईद, मी..."

"माफी मागू नकोस. ती घेऊन मी काय करू?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आईला काय सांगायचं, तेवढं नीट जुळवून दे. ती विचारेल. गुरुवारपासून ती यिदरच्या आईशी बोललेली नाही. म्हणते, महिन्याभराने मीच तिला घरी बोलावून लाट दाखवीन."

तूदाने विचार केला. सुरुवात धरणापासून करावी, की नोंदींपासून, की स्वतःपासून? "तिला सांग की..." ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "सांग, तूदाने..." तेही पुढे गेलं नाही. मेहेंदीने लाल झालेल्या हातांनी पाव थापता थापता ऐकणारी ती बाई तिच्या डोळ्यांसमोर आली. ती वर बघून एवढंच विचारणार होती, मग आता काय? आणि त्याचं उत्तर कुठल्याच अहवालात नव्हतं.

"राहू दे," बलईद म्हणाला. तो फळीवर पालथा झाला. गाल फळीवर टेकवून, हात दोन्हीकडे पाण्यात सोडून पडला. तोंड त्याने खुल्या समुद्राकडे केलं होतं, त्यामुळे तिला त्याचं फक्त डोकं दिसत होतं, मीठ वाळलेल्या केसांचं.

प्रवाह दोघांनाही हळूहळू नदीच्या मुखाकडे ओढत होता. त्याची फळी लांब जायला लागली, तेव्हा तूदाने हात पुढे करून तिची कड धरली. थोड्या वेळाने त्याने पाण्यात एक हात मारला, फार जोरात नाही, आणि फळी तिच्या बोटांतून सुटून गेली.